दूरचे मित्र आणि आपली प्रकृती

मैत्री हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण अलीकडे दवाखान्यात एक नवी तक्रार ऐकू येते आणि ती रुग्णाची नसते, रुग्णाच्या घरच्यांची असते. मंगळवार पेठेतील एक काकू आपल्या यजमानांना घेऊन आल्या. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय ६६. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना कायतरी औषध द्या. दर रविवारी सकाळी नऊ वाजले की मोबाईल घेऊन बसतात ते अकरापर्यंत. एक माणूस इंदूरचा, एक बाई कॅनडातल्या. कधी डोळ्यांनी बघितलेली माणसं न्हाईत. आणि बोलतात काय, तर आज भाजी कुठली आणली!"

मी चौकशी केली. तिघांची ओळख २०२० च्या टाळेबंदीत, जुन्या मराठी चित्रपटांच्या आवडीतून झालेली. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली, ती गेली नसती तर काय झाले असते, यावर सुरू झालेल्या गप्पा आता घरगुती झाल्या आहेत. आमचे काका मटणाच्या दुकानापुढची रांग आणि पांढऱ्या रश्श्याची तयारी दाखवतात, इंदूरचे गृहस्थ पोहे-जिलेबी दाखवतात, आणि टोरांटोच्या बाई दाराबाहेरचा बर्फ दाखवतात. तिकडे त्या वेळी अजून शनिवारची रात्र असते. काकांचा रक्तदाब तपासला, नेहमीइतकाच होता. औषध दिले नाही. काकूंना म्हटले, एखाद्या रविवारी तुम्हीही शेजारी बसून बघा.

हे काही वाचकांना पटणार नाही. पडद्यावरची मैत्री ती कसली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी 'पत्रमैत्री' आठवून पाहावी. न पाहिलेल्या माणसाला आंतर्देशीय पत्रावर कोपऱ्या-कोपऱ्यांत मजकूर कोंबून लिहिणारी आणि पोस्टमनची वाट पाहणारी पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. त्या मैत्रीला कोणी आजार म्हटले नाही.

वैद्यकीय दृष्टीने दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक एकटेपणा आणि दुसरा एकाकीपणा. घरात एकटे राहणारी पण चार माणसांशी मनापासून जोडलेली व्यक्ती एकाकी नसते. उलट भरल्या घरात, सुना-नातवंडांच्या गर्दीत बसलेले आजोबा पूर्ण एकाकी असू शकतात. आपल्याला जितकी आणि जशी सोबत हवी असते आणि प्रत्यक्षात जी मिळते, त्यांतल्या फरकाचे नाव एकाकीपणा. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी २०२३ साली स्वतंत्र आयोग नेमला. त्याचा अहवाल जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जगात दर ६ माणसांमागे १ माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो, असा त्यातील अंदाज आहे. हा म्हातारपणाचा आजार आहे असे आपण समजतो, पण त्याच अहवालानुसार सर्वाधिक प्रमाण किशोरवयीन मुलामुलींत आढळले.

याआधी २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले होते. त्यांत ३ लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध बळकट, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त दिसली. अर्थात ते अभ्यास प्रामुख्याने प्रत्यक्षातल्या नात्यांचे होते. ते आकडे मोबाईलवरच्या मैत्रीला जसेच्या तसे लावणे बरोबर नाही.

मग सोबतीचा शरीराशी संबंध येतो कुठे? काही भाग शरीरातील ताणाच्या रसायनांचा आहे. ती सतत चढी राहिली की झोप, रक्तदाब, साखर यांवर परिणाम होतो. पण माझ्या अनुभवात मोठा भाग अगदी साधा आहे. ज्याला विचारणारे कोणी नाही, तो स्वयंपाक टाळतो. चहा-खारीवर रात्र काढतो. गोळी चुकली तरी चुकू देतो. रंकाळ्याला फिरायला जाणे बंद होते, मग गुडघे धरतात, मग बाहेर पडणेच नको वाटते. रविवारी कोणीतरी "काय केलंत आज?" असे विचारणार आहे, एवढ्यावर दाढी करणारे, धुतलेला सदरा घालणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

यात महत्त्व फोनच्या लांबीला नाही, काय बोलले जाते त्याला आहे. रोज सकाळी सूर्य, गुलाब आणि सुविचार यांची चित्रे पन्नास जणांना पाठवणे म्हणजे संवाद नव्हे. मुलगा परदेशातून विचारतो, "कसे आहात?" आई म्हणते, "मजेत." फोन संपला. दोघांनाही काही कळले नाही. त्यापेक्षा लोणच्याच्या कैऱ्या किती आणल्या, पंचगंगेला पाणी किती चढले, वरच्या मजल्यावरच्या टाकीने कसा त्रास दिला, हे सांगणे-ऐकणे जास्त मोलाचे. क्षुल्लक गोष्टींतूनच माणूस माणसाच्या रोजच्या आयुष्यात राहतो. आणि त्यासाठी सुटीचा दिवसच बरा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी काही वर्षे झगडून १८९० साली रविवारची सुटी मिळवली, ती काही बाजारहाट आणि कपडे धुणे एवढ्यासाठी नव्हे.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो. राजारामपुरीतील एका निवृत्त शिक्षिकेची गोष्ट आहे. वय ७१, एकट्या राहतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू. विणकामाच्या आवडीतून त्यांची बेंगळुरूच्या एका मराठी बाईंशी मैत्री झाली. दर रविवारी दुपारी दोघी सुया घेऊन मोबाईलसमोर बसतात. एका रविवारी बेंगळुरूच्या बाईंना वाटले, आज बाई जड जिभेने बोलताहेत. नीट पाहिले तर हसताना तोंड एका बाजूला ओढले जात होते. "हात वर करा बघू दोन्ही," म्हटल्यावर उजवा हात खाली आला. बाई स्वतः म्हणत होत्या, "काही नाही, झोप झाली नाही नीट."

यापुढचा भाग निव्वळ नशिबाचा. महिनाभर आधी बेंगळुरूहून लोकरीचे पार्सल आले होते. ते देणाऱ्याला द्यायला म्हणून तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा नंबर दिला होता. तो नंबर बेंगळुरूच्या बाईंकडे राहिला होता. शेजारी धावत वर गेले, सुदैवाने दाराला आतून कडी नव्हती. दीड तासात रुग्ण मोठ्या रुग्णालयात, मेंदूचा सी.टी. स्कॅन होऊन गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन. आज त्या उजव्या हाताने जेवतात. विणकाम अजून हळू चालते.

पक्षाघाताचे हे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. तोंड वाकडे होणे, एका हाताची किंवा पायाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी "उद्या दाखवू" म्हणू नये. घरची ॲस्पिरिनची गोळीही देऊ नये, कारण काही रुग्णांत गुठळी नसून मेंदूत रक्तस्राव असतो आणि ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही.

दूरच्या मित्राची नजर ही वैद्यकीय दृष्टीने कामाची वस्तू आहे, असे मी म्हणतो ते यामुळे. घरातली माणसे रोज पाहतात, त्यामुळे हळूहळू होणारा बदल त्यांच्या ध्यानात येत नाही. आठवड्याने पाहणाऱ्याला तो दिसतो. गळ्याशी सदरा सैल झालेला, गालफडे बसलेली. एक वाक्य पुरे करताना दोनदा श्वास घ्यावा लागणे. तीन आठवड्यांहून जास्त दिवस बसलेला आवाज. एकाच बैठकीत तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणे. दुपारचे बारा वाजले तरी खिडक्या बंद आणि अंगावर कालचेच कपडे. सारखे "काय? काय म्हणालात?" करणारा माणूस पुढे फोनच टाळू लागतो आणि घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. अशा वेळी आधी कान तपासून घ्यावेत. कधी नुसता मळ निघतो, कधी श्रवणयंत्र लागते, आणि माणूस पुन्हा बोलू लागतो.

पण हीच नजर किती लंगडी आहे तेही समजून घ्या. इंदूरच्या मित्राला सगळे दिसले तरी तो पाणी आणून देऊ शकत नाही. त्याने घाईने तिकडून १०८ फिरवला तर फोन मध्य प्रदेशच्या यंत्रणेकडे जाईल, महाराष्ट्राची रुग्णवाहिका येणार नाही. टोरांटोहून तर तो लागणारच नाही. म्हणून ज्यांचे जवळचे मित्र दूरचे आहेत, त्यांनी आपल्या गल्लीतल्या दोन माणसांचे नंबर आजच त्या मित्रांना द्यावेत. शेजारी हवा, नातेवाईकच हवा असे नाही. गंगावेशीत रोज सकाळी दुधासाठी भेटणारा सोबती चालेल, तालमीतला पोरगा चालेल. फक्त त्याला आधी विचारा. एक किल्ली शेजारी ठेवा आणि एकटे असताना आतून कडी लावू नका, कुलूप असे घ्या की जे बाहेरून किल्लीने उघडेल. कोणती औषधे चालू आहेत त्याचा कागद फ्रिजवर चिकटवून ठेवा. एवढे केले की दूरची मैत्री पाय फुटल्यासारखी धावून येते.

तरुणांचे प्रकरण निराळे. अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा सतत डोके दुखते म्हणून आला. चष्म्याचा नंबर ठीक, रक्त ठीक. विचारले तर शनिवारी रात्री ब्राझीलमधल्या मित्रांबरोबर मोबाईलवर खेळ आणि गप्पा, पहाटे चारपर्यंत. साओ पावलोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. त्यांची संध्याकाळ सहाची वेळ म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे अडीच. रविवारी दुपारपर्यंत झोपायचे, रविवारी रात्री झोप नाही, सोमवारी वर्गात डोके जड. वडील मोबाईल काढून घ्यायला निघाले होते. मी म्हटले, मित्र तोडू नका, वेळ बदला. त्यांच्या शनिवारी दुपारी बाराला बसलात तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ असतात. मुलाने तिकडे तसे सांगितले, ते तयारही झाले. डोकेदुखी तीन आठवड्यांत गेली.

बैठकीचे म्हणाल तर मधुमेह्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात, मोबाईल हातात घेऊनही मारता येतात. मोबाईल मांडीवर ठेवून मान वाकवू नये. जाड पुस्तकांची चळत करून तो डोळ्यांच्या रेषेत ठेवावा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे चुरचुरतात, तेव्हा मधूनमधून नजर दूर न्यावी.

एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. जो मित्र पैसे मागतो, बँकेचा आकडा विचारतो किंवा "घरी सांगू नका" म्हणतो, तो मित्र नव्हे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा. फसलेल्या माणसाची झोप उडालेली आणि रक्तदाब वाढलेला मी पाहतो, पण तो घरी काहीच बोललेला नसतो. मन फारच खचले असेल तर १४४१६ या शासनाच्या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे.

जाता जाता परदेशात स्नेही असलेल्यांसाठी एक सूचना. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे नेतात. नोव्हेंबरात तिकडचा नेहमीचा फोन तासभर उशिरा आला, तर काळजीने छातीत धडधडते म्हणून दवाखान्यात येण्याआधी एकदा कॅलेंडर पाहावे.