सगळेच चाफे भाऊबंद नव्हेत

पांढऱ्या चाफ्याची फांदी तोडावी, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी आणि मातीत खोचावी. बहुतेक वेळा ती जगते. आमच्या आईने हाच प्रयोग सोनचाफ्यावर तीन पावसाळे केला. तिन्ही वेळा फांदी काळी पडली. दोन्ही चाफेच, तेव्हा दोघांची रीतही एकच, असं तिने धरलं होतं. सोनचाफा अशा फांदीने सहजी लागत नाही. त्याचं कलमच आणावं.

चाफा हे एका कुळाचं नाव आहे, हाच मुळात गैरसमज. ज्या फुलाला दरवळ, त्याला आपण चाफा म्हणत आलो. संस्कृतातला चंपक म्हणजे सोनचाफा. ‘मॅग्नोलिया चंपाका’ या शास्त्रीय नावातही तो टिकून आहे. कवठी चाफा त्याच्याच मॅग्नोलिया कुळातला.

पांढरा चाफा मात्र कण्हेरीच्या घरचा. तगर, सदाफुली, सातवीण ही त्याची भावंडं. करवंद तोडताना देठाशी पांढरा चीक येऊन बोटं चिकट होतात ना? ती जाळीही याच कुळातली.

देवळाच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यामुळे हा पांढरा चाफा आपल्याला अस्सल देशी वाटतो. त्याचं मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. त्याचं ‘प्लुमेरिया’ हे नाव शार्ल प्लुमिए (1646–1704) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. तो निकाराग्वाचं राष्ट्रीय फूल आहे आणि लाओसचंही. लाओसमध्ये त्याला ‘डोक चंपा’ म्हणतात, म्हणजे चंपकाचं नाव या पाहुण्याला तिथेही मिळालं. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्याला आपण देवाच्या पायाशी जागा दिली, तो आपलाच.

सोनचाफ्याकडे भुंगा फिरकत नाही, असं कवी फार पूर्वीपासून सांगत आले आणि लोकांनी ते खरं मानलं. पण मॅग्नोलिया कुळातल्या फुलांचं परागीभवन मुख्यतः छोटे भुंगेरेच करतात.

हिरवा चाफा आपण वासाने शोधतो, कारण फूल पानाच्या रंगाचं. ते पिवळं पडू लागलं की पिकल्या फळासारखा वास सुटतो. देठ मात्र नीट पाहा: तो आकड्यासारखा वळलेला असतो आणि त्याच आकड्याने वेल आधाराला धरून वर चढते. तिची जाड, मांसल पाकळी सीताफळाच्या फुलाशेजारी ठेवली की नातं डोळ्यांना दिसतं. सीताफळ आणि मॅग्नोलिया ही दोन्ही कुळं एकाच गणातली, त्यामुळे हिरवा चाफा सोनचाफ्याचा लांबचा का होईना, पण खराखुरा नातलग ठरतो.

नागचाफ्याची सोयरीक कोकणातल्या सुरंगीशी आणि उंडीशी.

राहिला भुईचाफा. तो आल्या-हळदीच्या कुळातला, सोनटक्क्याचा भाऊ. थंडीत त्याची पानं वाळून जातात, कुंडीत नुसती माती उरते. झाड मेलं असं समजून कितीजण ती कुंडी रिकामी करतात! कंद आत झोपलेला असतो. उन्हाळ्यात एके सकाळी, पानाचा पत्ता नसताना, त्या कोरड्या मातीतून थेट जांभळं-पांढरं फूल वर येतं. तोवर कुंडी हलवू नका.