पायांशी बसलेली माणसं

पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती. धुळ्याकडच्या एका छोट्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो. खानदेशात त्या दिवसांत सूर्य बुडाला तरी भिंती तापलेल्या असतात. पंखे गरम हवाच ढवळत होते. वेदीसमोर बारा माणसं बसवली होती, त्यांत पाच-सहा बायका. फादरांनी वरचा झगा काढून ठेवला, कमरेला पंचा बांधला आणि गुडघे टेकून पहिल्या माणसाचे पाय परातीत घेतले. तांब्यातून पाण्याची धार, मग पंच्यानं पुसणं, मग पुढचा माणूस. पाचव्या की सहाव्या मावशींची पाळी आली तेव्हा त्यांनी पाय चटकन लुगड्याखाली ओढून घेतला. टाचांना भेगा पडलेल्या, भेगांत कपाशीच्या रानातली काळी माती मुरलेली. ‘‘नका फादर, मना पाय खराब शेतस.’’ फादर काही बोलले नाहीत. हात तसाच पुढे धरून थांबले. चर्चमध्ये कुणी हललं नाही. मग मावशींनी पाय पुढे केला आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

आपल्याकडे पाय धुणं काही नवं नाही. लग्नात मुलीचे आई-वडील जावयाचे पाय धुतात, दिंडी गावात आली की वारकऱ्यांचे धुतात, गुरूचं चरणतीर्थ घेतात. मोठा कोण हे आधी ठरलेलं असतं आणि पाणी त्याच्या पायावर पडतं. येशूच्या काळातल्या यहुदी घरांतही पाहुण्यांचे पाय धुणं हे घरातल्या खालच्या चाकराचं काम होतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या जेवणाच्या वेळी तेच काम उचलतो. त्याचा शिष्य पेत्र यानंही त्या मावशींसारखाच पाय मागे घेतला होता. गुरूनं आपल्यापुढं वाकावं हे त्याला सोसवेना.

ख्रिस्ती धर्मात थोर कोणाला म्हणायचं, या प्रश्नाची सुरुवात मला या परातीपाशी दिसते. पण तो प्रश्न शिष्यांनी त्याआधीच, अगदी आपल्या ओळखीच्या पद्धतीनं विचारून झाला होता. जब्दीच्या दोन मुलांना, याकोब आणि योहानाला, येशूच्या राज्यात जागा हवी होती: एकाला उजवीकडची, एकाला डावीकडची. मार्कच्या शुभवर्तमानात ते स्वतः मागतात. मत्तय सांगतो की त्यांची आईच शब्द टाकायला आली. बाकीचे दहा जण चिडले, आणि त्या चिडण्यात आपली जागा गेल्याची धास्तीच जास्त असावी असं मला वाटतं. येशूनं त्यांना जवळ बोलावून सांगितलं की सत्ताधारी लोकांवर अधिकार गाजवतात, तुमच्यात तसं व्हायचं नाही. ज्याला मोठं व्हायचंय त्यानं इतरांचा चाकर व्हावं. पुढे कालवारीच्या टेकडीवर त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण होतं, हे मार्क मुद्दाम नोंदवतो. दोन लुटारू होते, तेही क्रुसावर. मागितलेली जागा काय होती, हे त्या दोघा भावांना त्या दिवशी कळलं असेल.

चर्चनं ही शिकवण आपल्या पदव्यांतही जपली आहे. कॅथॉलिक चर्चमध्ये एखाद्याला संत ठरवण्याची प्रक्रिया सुरू होते तेव्हा त्याला मिळणारी पहिली पदवी ‘देवाचा सेवक’ ही असते. पूजनीय, धन्य आणि संत या पायऱ्या त्यानंतरच्या. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया हा भारतात जन्मलेला पहिला संत. तो धर्मगुरू नव्हता. आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून राहिला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संत घोषित झाला.

हे सगळं चर्चनं नेहमी पाळलं असं मात्र म्हणता येत नाही, आणि श्रद्धा असलेल्या माणसानं तर ते कबूल करायलाच हवं. बिशपांचे राजवाडे झाले. मिशनऱ्यांचे बंगले आणि देशी उपदेशकांची घरं यांत किती अंतर होतं, ते जुन्या मिशन कंपाउंडांत आजही चालत जाऊन मोजता येतं. जात चर्चच्या दारातून आत आली ती आलीच. पाय धुण्याच्या विधीतसुद्धा अधिकृत नियम फक्त पुरुषांचे पाय धुण्याचा होता. तो पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१६ मध्ये बदलला, म्हणून त्या मावशी तिथं बसू शकल्या. मिशनचा पगार कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये सोडला आणि संन्यस्त वृत्तीनं ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यामागे हीच अस्वस्थता होती.

या शिकवणीचा खरा अर्थ मराठीत कुणी जगून दाखवला असेल, तर तो पंडिता रमाबाईंनी. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, तेव्हा त्या विशीत होत्या. एवढी विद्वत्ता असलेल्या बाईला मानाची जागा कुठेही मिळाली असती. त्या केडगावला गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, पुढच्या दुष्काळात गुजरातेतून उपाशी मुली आणल्या, त्यांच्या अंगावरच्या उवा आणि जखमांपासून सुरुवात केली. मग आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली. मराठी बायबल होतंच, पण त्याची मराठी शास्त्रीबोवांची होती. केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुलींना ती पेलत नव्हती. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि जिभेवर संस्कृत असलेल्या या बाईनं संस्कृत शब्द एकेक करून गाळले. टाईप जुळवणाऱ्या मुलीच होत्या. ज्या मुलीला काल अक्षर ओळखता येत नव्हतं ती आज खिळे लावतेय, आणि तिला वाचता येईल का, यावर वाक्य ठरतंय. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर काम पुरं झालं होतं. पाय धुण्यासाठी वाकलेलं माणूस मी पाहिलं आहे. भाषा वाकवणं त्याहून अवघड असणार. विद्वानाला आपली विद्या खाली ठेवणं किती जड जातं, ते लिहिणाऱ्या कुणालाही विचारा.

अलीकडचं उदाहरण जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये त्या दुष्काळी तालुक्यात आले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्यांचं मोठेपण दोन साध्या गोष्टींत दिसतं. बाळंतपण, बालआजार, साधे उपचार ही डॉक्टरकी त्यांनी गावातल्या अक्षरशत्रू बायकांच्या हातात दिली, त्यांत दलित बायका पुष्कळ होत्या. आणि हातपंप बसवायचे तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यायचं. ज्या वस्तीच्या सावलीचाही विटाळ होता, तिथं हंडे रांगेत उभे राहिले.

आता आपल्या खानदेशाकडे. पूर्वेला जळगाव, भुसावळ, चाळीसगावला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. पश्चिमेला धुळे, नंदुरबार, नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं. नंदुरबारच्या एस. ए. मिशन शाळेच्या नावात ते अजून टिकून आहे. सुरतेच्या गाडीनं जळगावहून निघालं की नंदुरबार मागे पडल्यावर चिंचपाडा लागतं. त्यापुढे नवापूर, जिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. चिंचपाड्याला १९४२ मध्ये मिशनचा दवाखाना सुरू झाला, तेव्हा तो भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन तो चालवते. येणारे पेशंट बहुतेक भिल्ल, मावची, गावित. सर्पदंश, क्षय, सिकलसेल, अडलेली बाळंतीण. मोठ्या कॉलेजांतून शिकून अशा ठिकाणी येणाऱ्या डॉक्टरांना लोक विचारतात, शहरात काही जमलं नाही का? त्या प्रश्नातच आपला मोठेपणाचा हिशोब आहे.

आणि बायबलबाया. हा शब्द आता ख्रिस्ती घरांतल्या म्हाताऱ्यांच्याच तोंडी राहिला आहे. मिशननं तुटपुंज्या पगारावर नेमलेल्या या बायका, पुष्कळदा विधवा, काही दुष्काळात अनाथ झालेल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तिका. उपदेशकाला ओसरीपुढे जाता येत नसे. या थेट माजघरात जात. तिथं वाचून दाखवत, मुलींना अक्षरं गिरवायला देत, घरात कुणी आजारी असेल तर उशाशी बसत. काही दारांत त्यांना पायरीवरच थांबवत, काही ठिकाणी त्या बसलेली जागा मागाहून शेणानं सारवून घेत. दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा त्याच दाराशी.

मिशनचे जुने वार्षिक अहवाल चाळले तर मिशनरींची नावं पूर्ण सापडतात: कधी आले, कुठे नेमले, रजेवर कधी गेले. शेवटच्या पानांवर तक्ते असतात. ठाणी, शाळा, बाप्तिस्मे, उपदेशक. त्यांत बायबलबायांचा एक रकाना असतो, आणि त्या रकान्यात फक्त आकडा असतो.