गाठ काढली, पुढे काय?

परवा इंदापूरहून आमच्या जुन्या शाखेतला शिपाई आला. चहा झाला, उसाच्या बिलाची रड झाली आणि उंबऱ्यात चप्पल घालता घालता तो दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘साहेब, आमच्या काळ्याला मूळव्याध झालीया. परसाकडं बसला की रगात पडतंय.’’

मी त्याला परत आत बसवले. कारण बारामतीत आमच्या मोत्याचे अगदी असेच सुरू झाले होते. आम्हीही जंतांचे औषध पाजण्यात महिना घालवला. कुत्र्याला माणसासारखी मूळव्याध सहसा होत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी हातमोजा चढवला, बोटाने चाचपले आणि म्हणाले, ‘‘काका, आत गाठ आहे.’’

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. मध्यम वय उलटलेल्या कुत्र्यांत तो बहुधा गुदाशयात, बोटाच्या टप्प्यात सापडतो. भूल द्यायची, अस्तर हलकेच बाहेर ओढायचे, कोंब मुळासकट कापायचा आणि विरघळणाऱ्या दोऱ्याने टाके घालायचे. मोत्या संध्याकाळी घरी आला. दोन-चार दिवस कुंथला, दहीभात खाल्ला, बरा झाला.

कापलेला तुकडा मात्र बादलीत निघाला होता. कर्ज फिटले तरी ना-देय दाखला निघाल्याशिवाय फाइल मिटायची नाही, ही बँकेतली खोड. मी तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पुण्याला तपासायला पाठवायला लावला. अहवाल आला : कर्करोग नाही, पण एका कडेला गाठीच्या पेशी कापाच्या रेषेपर्यंत पोचलेल्या. ‘नाही’ एवढेच वाचून मी कागद कपाटात टाकला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतली बारीक अक्षरे वाचणारा मी! दहा महिन्यांनी रक्त पुन्हा दिसले.

१९९७ साली अमेरिकेत अशा ३४ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या गाठी साध्या किंवा कर्करोगाच्या अगदी पहिल्या पायरीवरच्या होत्या. काढल्यानंतर ४१ टक्के कुत्र्यांत लक्षणे परतली, १८ टक्क्यांत पुढे कर्करोग निघाला. गाठ एकटी असली तर निभावते; अनेक किंवा पसरलेल्या असल्या तर परतण्याचा संभव अधिक. जपानात छोट्या डॅशहुंड कुत्र्यांत दाहातून उठणाऱ्या गाठी आढळतात. त्यांना प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे द्यावी लागतात. कोणती गाठ कसली, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

आमच्याकडे गुरांच्या दवाखान्यात रांग असते ती संकरित गायींची. तिथे कुत्र्याची गाठ तपासा म्हणणारा माणूस वेडाच ठरतो. तरी नीरा-लोणंदवरून शिरवळ गाठता येते. १९८८ पासून तिथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

‘‘खर्च किती?’’ शिपायाने विचारले. मी आकडा सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘कडबनवाडीच्या माळावर लांडगा आला तवा ह्यो एकटा आडवा झालता, साहेब. बाटली कुठं मिळती तेवढं सांगा.’’

मोत्याची दुसरी शस्त्रक्रिया झाली. यंदाच्या अहवालात कड स्वच्छ आहे, हे मी तीनदा वाचले. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. त्या दिवशी सकाळी मी गाडीची किल्ली उचलली, की तो पलंगाखाली जाऊन बसतो.