आभासी पिनबॉल-पेटी : विलंब, धक्का आणि ओळंबा

उतरत्या लाकडी फळीवर ठोकलेले खिळे, त्या खिळ्यांमधून वाट काढीत खाली येणारी गोळी, आणि ती ज्या खाचेत थांबेल त्या खाचेवर लिहिलेले गुण, एवढेच ज्याचे साहित्य, तो बॅगॅटेल नावाचा खेळ महाराष्ट्रातील अनेक घरांना परिचित आहे. पिनबॉल हा या खेळाचाच यांत्रिक वंशज होय. १८७१ साली मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत बॅगॅटेलच्या सुधारणांचे पेटंट घेतले. गोळीला गती देणारा स्प्रिंगचा दट्ट्या हा त्या सुधारणांचा गाभा होता. १९३१ साली गॉटलीब यांच्या कंपनीचे 'बॅफल बॉल' हे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र बाजारात आले आणि या खेळाचा व्यवसाय झाला. तथापि तोवरच्या यंत्रांत एकदा गोळी सुटली की खेळाडूच्या हाती फारसे काही उरत नसे. यश मुख्यतः दैवावर अवलंबून होते.

ही स्थिती १९४७ साली पालटली. हॅरी मॅब्ज यांनी रचलेल्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात विद्युत्-चुंबकाने फिरणारे छोटे दांडे, म्हणजेच फ्लिपर, प्रथम बसविण्यात आले. त्यामुळे खाली येणारी गोळी नेमक्या क्षणी फटकावून इष्ट दिशेला धाडणे खेळाडूला शक्य झाले. परंतु कायद्याच्या दृष्टीने जुगाराचा डाग लगेच पुसला गेला नाही. न्यूयॉर्क शहराने १९४२ साली या यंत्रांवर घातलेली बंदी १९७६ पर्यंत टिकून होती. त्या वर्षी रॉजर शार्प यांनी नगर-परिषदेच्या समितीसमोर यंत्र प्रत्यक्ष खेळून दाखविले. गोळी कोणत्या मार्गिकेतून जाईल हे त्यांनी दट्ट्या सोडण्यापूर्वीच सांगितले, आणि ती तेथूनच गेली. हा खेळ कौशल्याचा आहे, हे मान्य होऊन बंदी उठली.

या इतिहासाचे स्मरण येथे सहेतुक केले आहे. विल्यम्स कंपनीने १९९९ साली पिनबॉलचा आपला विभाग बंद केला. रँडी डेव्हिस यांची 'व्हिज्युअल पिनबॉल' ही संगणकप्रणाली २००० साली उपलब्ध झाली. तिच्या आधारे खऱ्या यंत्राच्या आकाराची लाकडी पेटी बनवून, काचेखालील क्रीडाफलकाच्या जागी दूरचित्रवाणीचा सपाट पडदा निजविण्याची प्रथा प्रथम अमेरिका व युरोप येथील हौशी मंडळींत रूढ झाली. अशा पेटीत गोळी नसते, उतार नसतो, फ्लिपरही नसतात. असतो तो त्यांचा गणिती आभास. मग १९४७ साली या खेळात आलेले आणि १९७६ साली सिद्ध झालेले कौशल्य या आभासात शिल्लक राहते काय, हा या पेटीसंबंधीचा मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे. हे कौशल्य चित्राच्या सौंदर्यावर अवलंबून नसून काळाच्या काही सहस्रांशांवर अवलंबून आहे, असे त्यातून दिसून येईल.

गोळीची गती

प्रथम खऱ्या गोळीचा हिशोब पाहू. प्रचलित यंत्रातील पोलादी गोळीचा व्यास सुमारे २७ मि.मी. व वस्तुमान सुमारे ८० ग्रॅम असते. क्रीडाफलकाची लांबी ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सें.मी., आणि उतार साधारणतः ६.५ अंश असतो. घर्षणरहित वस्तू अशा उतारावर दर सेकंदास १.११ मीटर प्रतिसेकंद इतक्या त्वरणाने घसरेल. परंतु भरीव गोळी घरंगळते; तिच्या ऊर्जेचा काही अंश स्वतःभोवती फिरण्यात खर्च होतो, आणि म्हणून त्वरण पाच-सप्तमांश, म्हणजे ०.७९ एवढेच राहते. यावरून असे निघते की, वरच्या टोकाशी अलगद सोडलेली गोळी खालच्या टोकास १.६४ सेकंदांत पोहोचेल आणि त्या वेळी तिचा वेग दर सेकंदास सुमारे १.३ मीटर असेल. फ्लिपरचा जोरदार फटका बसलेल्या गोळीचा वेग याहून पुष्कळच अधिक असतो. पुढील विवेचनासाठी तो ३ मीटर धरू.

संगणक ही गती अखंडपणे जाणत नाही. तो काळाचे तुकडे पाडतो व प्रत्येक तुकड्याच्या शेवटी गोळी कोठे असेल हे काढतो. सामान्य पडद्यावर सेकंदास ६० चित्रे उमटतात, म्हणजे दोन चित्रांत १६.७ मिलिसेकंदांचे अंतर पडते. एवढ्या अवधीत ३ मीटर वेगाची गोळी ५ सें.मी. पुढे जाते. तिच्या वाटेत बोटाएवढ्या जाडीचा रबरी खुंट असेल, तर गणिताच्या एका पायरीत गोळी खुंटाच्या अलीकडे आणि पुढच्या पायरीत पलीकडे असे होईल. संघात झालाच नाही, असा निष्कर्ष संगणक काढील. यावर दोन उपाय आहेत. पहिला, काळाची पायरी एक मिलिसेकंदापर्यंत लहान करणे. मग गोळी एका पायरीत ३ मि.मी.च सरकते. दुसरा, दोन पायऱ्यांमध्ये गोळीचा मार्ग सरळ रेषा मानून, गोळीचा मध्य आणि खुंटाचा मध्य यांतील अंतर दोघांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतके नेमके कोणत्या क्षणी होते, हे वर्गसमीकरणाने काढणे. प्रगत प्रणालींत या दोन्ही उपायांचा मेळ घातलेला असतो.

विलंबाचा हिशोब

गणित कितीही अचूक असले, तरी ते खेळाडूच्या डोळ्यांपर्यंत आणि हातांपर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. बटण दाबले गेल्याची वार्ता संगणकाला मिळण्यास १ ते ८ मिलिसेकंद लागतात. त्यानंतर नवे चित्र तयार होते, ते आपल्या पाळीची वाट पाहते, आणि अखेरीस पडद्यातील मंडलांतून जाऊन प्रकाशरूपाने प्रकट होते. ही सर्व बेरीज ४० मिलिसेकंद झाली असे समजा. खेळाडूला दिसणारी गोळी ही किंचित भूतकाळातली असते आणि त्याची आज्ञा किंचित भविष्यकाळात अमलात येते. दर सेकंदास १.३ मीटर वेगाने उतरणारी गोळी तेवढ्यात ५.२ सें.मी. पुढे गेलेली असते. फ्लिपरची लांबी ३ इंच, म्हणजे ७.६ सें.मी. असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य लक्षात येते. गोळी फ्लिपरच्या कोणत्या भागावर असताना फटका बसतो, यावरच तिची दिशा ठरत असते.

येथे एक महत्त्वाचा भेद करावयास हवा. विलंब स्थिर असेल, तर मनुष्याचा हात त्याला सरावतो. तबल्याचा ठेका थोडा आधी धरावा, तसे खेळाडू बटण थोडे आधी दाबू लागतो. परंतु विलंब दर वेळी निराळा असेल, तर त्याचा अभ्यास होऊ शकत नाही. समजा, प्रणाली बटणाची दखल दर चित्राला एकदाच घेते. बटण दोन चित्रांमधील कोणत्याही क्षणी दाबले जाण्याचा संभव सारखाच असल्याने, विलंबात ० ते १६.७ मिलिसेकंदांची अनिश्चितता येते. सम वितरणाच्या सूत्राने तिचे प्रमाण विचलन, १६.७ ला १२ च्या वर्गमुळाने भागून, ४.८ मिलिसेकंद येते. सेकंदास १२० चित्रे दाखविणारा पडदा वापरल्यास ते निम्मे, म्हणजे २.४ होते. वरील गोळीच्या बाबतीत हा फरक ६ मि.मी. आणि ३ मि.मी. यांतला आहे. यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. स्थिर विलंब कौशल्याला अडथळा आणतो, पण ते नष्ट करीत नाही. अनिश्चित विलंब मात्र खेळाला पुन्हा १९४७ पूर्वीच्या दैवाधीन अवस्थेकडे ढकलतो. म्हणून पेटी बांधणाऱ्याने सरासरी विलंब कमी करण्याइतकेच त्यातील चढउतार कमी करण्याकडे लक्ष द्यावे.

याचे मापन महाग उपकरणांवाचून करता येते. अनेक मोबाइल दूरध्वनींतील कॅमेरे सेकंदास २४० चित्रे टिपतात. बटणावरील बोट व पडद्यावरील फ्लिपर दोन्ही एकाच चौकटीत घेऊन, बटण दबल्यापासून फ्लिपर हलेपर्यंतची चित्रे मोजावीत. प्रत्येक चित्र ४.२ मिलिसेकंदांचे, दहा चित्रे भरली तर विलंब सुमारे ४२ मिलिसेकंद. अशी तीस वाचने घेऊन सरासरी व प्रमाण विचलन ही दोन्ही काढावीत.

धक्का आणि ओळंबा

पिनबॉलचा खेळाडू केवळ बोटांनी खेळत नाही. पेटीला हलका धक्का देऊन गोळीची वाट किंचित वळविणे हाही कौशल्याचाच भाग आहे. या धक्क्याला मर्यादा घालण्यासाठी खऱ्या यंत्रात गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन धातूच्या कड्यातून लोंबत ठेवलेले असते. पेटी फार हलली की ओळंबा कड्याला टेकतो, विद्युत्-मंडल पूर्ण होते आणि डाव रद्द होतो. आभासी पेटीत हे काम त्वरणमापक चकतीकडे येते, आणि तेथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. पेटी आडवी ढकलली गेली की जरा कलली, हे त्वरणमापकाला स्वतः ओळखता येत नाही. एका अंशाच्या कलण्याने गुरुत्वाकर्षणाचा जो घटक आडव्या दिशेस येतो, तो ०.१७ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद एवढा, म्हणजे गोळीच्या स्वाभाविक त्वरणाच्या एक-पंचमांशाहून अधिक असतो. त्याचे संकलन करून वेग काढला, तर पेटी स्तब्ध असताही गोळी एका बाजूस ओढली जाईल. म्हणून मंद गतीने बदलणारा भाग गाळून केवळ त्वरित बदल स्वीकारणारा गाळक योजावा लागतो.

हीच अडचण आडव्या भूकंपमापकाची आहे. भूमीचे सरकणे व भूमीचे कलणे यांचा भेद करणे तेथेही कष्टाचे असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराने जे भोगले, त्यानंतर भूमीच्या हालचालीच्या मापनाचे महत्त्व लातूर जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. एका खेळाच्या पेटीत विद्यार्थी जो गाळक योजील, त्याचे तत्त्व अशा गंभीर मापनातही उपयोगी पडणारे आहे, एवढे नमूद करणे पुरे.

पेटीची बांधणी

पेटीच्या मापांत पहिला निर्णय पडद्याचा. प्रमाण पेटीची बाहेरील रुंदी २२ इंच, म्हणजे ५५.९ सें.मी. असते. ४० इंची पडद्याची दृश्य बाजू ८८.६ × ४९.८ सें.मी. भरते. ती कडांसह अशा पेटीत जेमतेम सामावते. ४३ इंची पडदा ९५.२ × ५३.५ सें.मी. असल्याने त्यासाठी रुंद पेटी करावी लागते. पडदा निवडताना आकारापूर्वी त्याचा विलंब मोजून पाहावा. पेटीसाठी १८ मि.मी. जाडीचा प्लायवूड पुरेसा होतो. कोपऱ्यांचे ठोकळे व पाय यांना सागवान उत्तम, आणि नांदेड जिल्ह्याला किनवटच्या सागाची ओळख आहेच. मे महिन्यात कोरड्या हवेत घट्ट बसविलेली फळी श्रावणात फुगते, हे सुताराला ठाऊक असते. म्हणून पडद्याभोवती सर्व बाजूंनी काही मिलिमीटर फट राखावी. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेथे बंद पेटीत संगणक ठेवताना हवा तळातून आत व पाठीमागून वरच्या बाजूने बाहेर, अशी वाट पंख्यांसह करणे अपरिहार्य आहे.

बटणासाठी पत्तीचा स्विच वापरावा. त्याच्या पत्त्या टेकताना क्षणभर थरथरतात. ही थरथर संपण्याची वाट पाहत बसल्यास विलंब वाढतो; म्हणून पहिल्या स्पर्शालाच प्रतिसाद देऊन पुढील काही मिलिसेकंदांतील स्पर्श दुर्लक्षिणे श्रेयस्कर.

फ्लिपरचा फटका तळहातांना जाणवावा यासाठी पेटीच्या आतील अंगास काँटॅक्टर बसवितात. प्रत्येक फटक्याबरोबर त्याचा गाभा आपटतो व लाकूड थरथरते. शेतीपंपांचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक दुकानात ही वस्तू ओळखीची असते. मात्र स्टार्टरमधील २३० वा ४१५ व्होल्टची गुंडाळी येथे वापरू नये. २४ व्होल्ट एकदिश प्रवाहाची गुंडाळी मागून घ्यावी, आणि प्रवाह तुटताना उसळणाऱ्या उच्च विभवापासून मंडलाचे रक्षण व्हावे म्हणून तिच्याशी उलट दिशेने डायोड जोडावा. मोटारीच्या काचेवरील वायपर फिरविणाऱ्या मोटरच्या आसावर एका बाजूस वजन लावले की सर्व पेटी हादरविण्याची सोय होते. पेटीतील धातूच्या सर्व भागांना भूमिसंपर्क देण्यात हयगय करू नये.

पडताळा

आभासी फलकावर प्रथम एखाद्या गाजलेल्या यंत्राचे अनुकरण मांडण्यापेक्षा साधा बॅगॅटेलचा फलक मांडावा आणि तसाच लाकडी फलक शेजारी ठेवावा. १०७ सें.मी. लांबीच्या फळीचे एक टोक १२.१ सें.मी. उचलले की ६.५ अंशांचा उतार मिळतो. बेअरिंगच्या दुकानातील पोलादी गोळी त्यावर सोडावी. खिळे ठोकण्यापूर्वी दोन्ही फलकांवर गोळीस तळ गाठण्यास लागणारा वेळ मोजावा. तो १.६४ सेकंदांच्या आसपास यावा. उतार ६ अंशच राहिला असेल तर १.७१ सेकंद भरतील, म्हणजे अर्ध्या अंशाची चूकही वारंवार मोजलेल्या सरासरीत उघड होते. त्यानंतर खिळे ठोकून, शंभर गोळ्या कोणकोणत्या खाचांत पडतात याची दोन्हीकडील वितरणे ताडून पाहावीत. ती जुळली नाहीत, तर लवचिकतेचा गुणांक, घर्षण किंवा काळाची पायरी यांपैकी कोठे दोष आहे, याचा शोध घेणे हा स्वतंत्र प्रयोगच होईल.

यांत्रिकी, संख्याशास्त्र, विद्युत्-मंडले व संगणकगणित हे विषय पदव्युत्तर अभ्यासक्रमांत वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत शिकविले जातात. या पेटीत त्यांची एकत्र परीक्षा होते, आणि परीक्षक असतो खेळाडूचा हात. चित्र उणे असेल तर डोळा ते सांभाळून घेतो. विलंब अस्थिर असेल तर हात ते कधीच मान्य करीत नाही. फटका मारण्यापूर्वी गोळी कोठे जाईल हे सांगावे आणि ती तेथेच जावी, ही १९७६ सालची कसोटी आभासी पेटीसही लागू आहे. नांदेड वा लातूर येथील प्रयोगशाळेत बांधलेली पेटी त्या कसोटीस उतरली, तर तिच्यातील गोळी आभासी असली तरी तिच्यावर खेळणाऱ्याचे कौशल्य खरे ठरेल.