सरासरी वाढली, पण कशामुळे? शिक्षण संशोधनासाठी संख्याशास्त्राची पहिली ओळख

पूर्वतयारी: बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ एवढे पुरे.

"शाळेत नवा उपक्रम सुरू केला. वर्षाअखेरीस मुलांचे गुण वाढले. म्हणून उपक्रम यशस्वी झाला." प्रकल्प अहवालांत हे तीन वाक्यांचे गणित वारंवार आढळते. यातले तिसरे वाक्य पहिल्या दोनांतून निघत नाही. का निघत नाही आणि ते सिद्ध करायला काय लागते, हे या पाठात पाहू. हा वाद कागदापुरता नाही. तिसरीत असून वाचता न येणाऱ्या मुलाचे एक वर्ष निरुपयोगी उपक्रमात गेले, तर ते त्याला परत मिळत नाही.

उदाहरण म्हणून 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेचा बालसखी कार्यक्रम घेऊ. वस्तीतल्याच एका तरुणीला थोडे प्रशिक्षण देऊन महापालिकेच्या शाळेत नेमायचे. मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना तिने रोज सुमारे दोन तास वाचन आणि गणिताच्या पायाभूत गोष्टी शिकवायच्या. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे या कार्यक्रमाची चाचणी झाली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले.

१. सरासरी आणि विखुरलेपण

समजा, 'अ' वर्गातल्या पाच मुलांचे गुण ४८, ४९, ५०, ५१, ५२ आहेत आणि 'ब' वर्गातले २०, ३५, ५०, ६५, ८०. दोन्हीकडे सरासरी ५०. तरी हे वर्ग सारखे नाहीत, हे शिक्षकाला पहिल्याच तासाला कळेल. हा फरक प्रमाण विचलनाने मोजतात. पुस्तकांत तुम्ही त्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणून वाचले असेल.

कृती: प्रत्येक गुणातून सरासरी वजा करा, वजाबाकीचा वर्ग करा, त्या वर्गांची सरासरी काढा, शेवटी वर्गमूळ घ्या.
'अ': (४ + १ + ० + १ + ४) ÷ ५ = २; वर्गमूळ १.४१.
'ब': (९०० + २२५ + ० + २२५ + ९००) ÷ ५ = ४५०; वर्गमूळ २१.२.

मोठ्या गटातून निवडलेला नमुना असेल तर ५ ऐवजी ४ ने भागतात. इथे पाचही मुले म्हणजेच पूर्ण गट धरला आहे.

२. तीन गुणांची वाढ मोठी की लहान?

उत्तर विखुरलेपणावर अवलंबून आहे. सरासरी ३ ने वाढली तर 'अ' मध्ये ती ३ ÷ १.४१, म्हणजे सुमारे २.१ प्रमाण विचलने होते. 'ब' मध्ये ३ ÷ २१.२, म्हणजे ०.१४. अशा भागाकाराला परिणामाचे आकारमान म्हणतात. वेगवेगळ्या परीक्षांचे निकाल एका मापात आणायला ते उपयोगी पडते.

बालसखी कार्यक्रमात पहिल्या वर्षी वाढ ०.१४ होती, दुसऱ्या वर्षी ०.२८. गुणांचे वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे मानले, तर ०.२८ चा अर्थ असा: शंभरांत मधोमध असलेले मूल जुन्या क्रमवारीत साधारण ६१ जणांच्या पुढे जाते.

३. ही सरासरी कोणाची?

०.२८ ही वाढ वर्गातल्या सर्व मुलांची आहे, फक्त बालसखीकडे गेलेल्यांची नाही. समजा, ६० मुलांपैकी २० जण तिच्याकडे गेले आणि वर्गाची सरासरी ३ ने वाढली. ती सगळी वाढ या २० जणांमुळे असेल, तर त्यांची स्वतःची सरासरी ९ ने वाढलेली असणार. प्रत्यक्ष अभ्यासातही मोठा लाभ तळाच्या मुलांनाच झाला होता. म्हणून कोणतीही सरासरी वाचताना विचारा: भागाकार किती जणांनी केला?

४. तुलना कोणाशी?

चाचणीत कमी गुण मिळालेली मुले निवडा आणि काहीही न करता पुन्हा चाचणी घ्या. त्यांची सरासरी बहुधा वाढेल. पहिल्या दिवशी काहींना ताप असेल, काहींचे अंदाज चुकले असतील. दुसऱ्या दिवशी तेच दुर्दैव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. शिवाय वर्षभरात मूल वयानेही वाढतेच. त्यामुळे "आधी आणि नंतर" एवढी तुलना पुरत नाही. उपक्रम न मिळालेला, पण बाकी सारखा असा गट हवा.

असा गट मिळवायचा साधा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. शाळांनी स्वतः पुढे यायचे ठरवले तर उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळा एका बाजूला गोळा होतील. यादृच्छिक वाटणीत उत्साह, गरिबी, जुने गुण हे सारे दोन्ही बाजूंना सरासरीने सारखे विभागले जाते. वडोदऱ्यात काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काहींत चौथीला. त्यामुळे एका गटाची तिसरी ही दुसऱ्या गटाच्या तिसरीशी ताडता आली आणि कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही.

५. फरक योगायोगाने आला असेल तर?

सर्व मुलांचे गुण चिठ्ठ्यांवर लिहा, त्या मिसळा आणि डोळे मिटून दोन ढीग करा. ढिगांच्या सरासरीत थोडा फरक पडेलच. हे हजार वेळा करा. तुम्हाला प्रत्यक्षात मिळालेल्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा फरक हजारांत २० वेळाच आला, तर पी-मूल्य ०.०२. उपक्रमाचा काहीच परिणाम नसता तर एवढा फरक दिसणे किती दुर्मीळ, एवढेच ते सांगते. उपक्रम निष्फळ असण्याची शक्यता २ टक्के, असा त्याचा अर्थ नाही.

६. वर्ग मोजा, फक्त मुले नव्हे

एका वर्गातल्या मुलांचा शिक्षक एक, बहुधा वस्तीही एक; म्हणून त्यांचे गुण काहीसे एकत्र हलतात. वर्गात म मुले आणि त्यांच्यातील सहसंबंध स असेल, तर मुलांच्या संख्येला १ + (म − १) × स ने भागावे लागते. ६० मुलांचे दोन वर्ग आणि स = ०.२ घ्या: १ + ५९ × ०.२ = १२.८, १२० ÷ १२.८ = सुमारे ९. म्हणजे १२० मुलांची माहिती नऊ स्वतंत्र मुलांइतकीच! त्यातही एका वर्गाला उपक्रम आणि दुसऱ्याला नाही, असे असेल तर परिणाम पद्धतीचा की शिक्षकाचा, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. पाचव्या भागातल्या चिठ्ठ्याही इथे मुलांच्या नव्हे, वर्गांच्या किंवा शाळांच्या करायच्या.

७. परिणाम टिकतो का?

बालसखी कार्यक्रम संपल्यावर एका वर्षाने वाढ सुमारे ०.१० वर आली. उपक्रम वाया गेला, असे यावरून म्हणता येत नाही. एकदाच मोजून थांबू नये, हे मात्र म्हणता येते.

सराव

१. १२, १४, १६, १८, २० या गुणांचे प्रमाण विचलन काढा. सरासरी १ ने वाढली तर परिणामाचे आकारमान किती? (उत्तर: २.८३, ०.३५)

२. भिलाईतल्या एका महाविद्यालयात पहिल्या चाचणीत २० पैकी १० पेक्षा कमी गुण मिळवणाऱ्या ४० विद्यार्थ्यांसाठी जादा तास घ्यायचे आहेत, पण जागा २० जणांचीच आहे. जादा तासांचा उपयोग झाला का, हे कसे तपासाल? (दिशा: जागा कोणाला द्यायची हे चिठ्ठ्यांनी ठरवा, दुसरी चाचणी चाळीसही जणांची घ्या आणि उरलेल्या २० जणांना पुढच्या सत्रात संधी द्या.)