खिळा जागचा हलत नाही

मुळशीतल्या कोळवणच्या एका वाचकांनी विचारलं आहे: उतरत्या छपराखाली लाकडी रिपांवर जिप्सम बोर्ड ठोकले, दिवाळीला रंग दिला. होळीनंतर बघतो तर रंगाखालून खिळ्यांची डोकी वर आलेली. आता पुन्हा रंगवण्याआधी लांब खिळे मारू का?

मुळीच नको! लांब खिळ्याने दुखणं वाढेल. दोष ना खिळ्याचा ना रंगाऱ्याचा. लाकूड सुकतं, म्हणून हे होतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले स्टॅनली सडार्थ आणि अँगल्टन यांनी 1956 सालीच एका पुस्तिकेत हे कारण मांडलं. असं साधं, रोजच्या उपयोगाचं संशोधन फार कमी लोकांपर्यंत पोचतं याची मला खंत वाटते.

मुळशीच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की लाकडातला ओलावा 18-19 टक्क्यांवर जातो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तो 9-10 वर येतो. तेवढ्यात पाइनसारखं लाकूड आडव्या अंगाने साधारण अडीच टक्के आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. खिळ्याचं टोक खोलवर घट्ट धरलेलं असतं आणि वरचं लाकूड त्या टोकाच्या दिशेने मागे सरतं. नदीचं पाणी ओसरलं की पात्रात रोवलेला बांबू उंच दिसतो, तसंच हे. खिळा लाकडात 25 मिलिमीटर गेला असेल तर फट पडते सुमारे 0.6 मिलिमीटरची, 50 गेला असेल तर सव्वा मिलिमीटरची. म्हणजे लांबी दुप्पट, फटही दुप्पट. मला तर हा हिशेब फार सुंदर वाटतो. सागवान त्या मानाने कमी आकसतं, जुन्या सुतारांचा त्यावर जीव होता तो उगाच नाही.

वर आलेलं डोकं हातोडीने पुन्हा आत ठोकून भागत नाही. बोर्ड आणि रीप यांच्यातली फट तशीच राहते, आणि कुणी हात टेकला की डोकं परत वर. आधी बोर्ड तळहाताने रिपेला घट्ट दाबून धरायचा आणि जुन्या खिळ्यापासून चारेक सेंटिमीटरवर आखूड, जाड आट्यांचा स्क्रू पिळायचा. डोकं बोर्डावरच्या कागदाच्या पातळीच्या किंचित खाली जावं, पण कागद फाटता कामा नये. बोर्डाची सगळी पकड त्या कागदातच असते. मग जुना खिळा उपटायचा, सुटलेला चुरा खरवडायचा, पुट्टीचे दोन पातळ हात द्यायचे आणि पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. पॉलिश पेपर मारल्यावर त्या ठिपक्यांवर प्रायमर हवाच. पुट्टी रंग जास्त पिते, प्रायमर चुकवला तर तिथे निस्तेज डाग उमटतात. शेवटी अंधारात टॉर्च छताला लावून आडवा प्रकाश टाका. दिवसा न दिसणारा उंचवटाही सावली पाडतो.

आणि हे काम दिवाळीला काढू नका. तेव्हा लाकूड पावसाळी हवेतला ओलावा पिऊन फुगलेलं असतं, पुढचे सहा महिने ते सुकतच जाणार. एप्रिल-मे गाठा, लाकूड सर्वांत आकसलेलं असताना. छत पत्र्याच्या चॅनलवर असेल, तर ओलाव्याने पत्रा आकसत नाही. तिथे स्क्रू जास्त पिळून कागद फाटला आहे का, ते आधी पाहा.