जाळी ओढणारा बिंदू

त्रिमितीय बिंदुजाळी म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना ठरावीक अंतराने मांडलेले बिंदू. वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये या जाळीजवळ आणखी एक बिंदू ठेवतात आणि नियम घालून देतात: जाळीतला प्रत्येक बिंदू त्याच्यापासून किती लांब आहे ते मोजायचे आणि त्यावरून किती सरकायचे ते ठरवायचे. या बिंदूला अ‍ॅट्रॅक्टर म्हणतात. तो हलवला की अख्खी जाळी नव्याने आकार घेते.

बिंदूंची जागा बदलली तरी क्रम बदलत नाही. तिसऱ्या ओळीतला पाचवा बिंदू कुठेही गेला तरी पाचवाच राहतो आणि त्याचे शेजारीही तेच राहतात. म्हणूनच वाकलेल्या जाळीवर पत्रे किंवा पाइप बसवता येतात. जीवशास्त्रज्ञ डार्सी टॉम्प्सन यांनी १९१७ साली 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' या ग्रंथात माशाच्या चित्रावर चौकटी आखल्या आणि त्या ताणून दुसऱ्या जातीचा मासा काढून दाखवला. कल्पना हीच होती. संगणकासाठी ती त्रिमितीत १९८६ मध्ये टॉमस सेडरबर्ग आणि स्कॉट पॅरी यांनी मांडली. आज वास्तुविशारद हे काम बऱ्याचदा डेव्हिड रटन यांनी तयार केलेल्या ग्रासहॉपर या प्रोग्रॅमवर करतात. २०१८ पासून ते राइनो या सॉफ्टवेअरसोबतच मिळते. अंतर मोजणारा, आकडे नव्या मर्यादेत बसवणारा आणि बिंदू सरकवणारा असे त्यातले तीन कॉम्पोनंट, म्हणजे तयार ठोकळे, पडद्यावरच्या तारांनी जोडले की मूळ रचना तयार होते.

समजा, रायपूरच्या बूढा तालाबाकाठी वीस मीटर लांब-रुंद सावलीचा मांडव करायचा आहे आणि मधोमध बसायला बाक आहे. रायपुरात मेच्या अखेरच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. चार वाजता मात्र ऊन तिरपे होते आणि उंच छपराची सावली बाकापासून दूर सरकते. छप्पर बाकावर खाली उतरवले तर ती कमी सरकेल. म्हणजे अ‍ॅट्रॅक्टर बाकाच्या जागी ठेवायला इथे खरे कारण आहे. असे कारण नसताना आकडे बदलणारा स्लायडर सरकवत बसले की आकर्षक दिसणारी, पण कोणाच्याच उपयोगाची नसलेली इमारत तयार होते.

दर मीटरला एक बिंदू धरला तर एका थरात ४४१ बिंदू होतात, पाच थरांत २,२०५. बाकापासूनचे आडवे अंतर मोजायचे आणि जास्तीत जास्त दीड मीटर खाली उतरायचे, आठ मीटरवर ओढ संपवायची. ओढ सरळ रेषेत घटवली तर दोन मीटरवरचा बिंदू ११३ सेंटिमीटर उतरतो आणि सहा मीटरवरचा ३८. आठव्या मीटरवर छपराला ठसठशीत मोड पडतो. ओढ आठ मीटरपर्यंत उरलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवली तर हेच आकडे ८४ आणि ९ होतात आणि कडेचा मोड नाहीसा होतो. बाकाच्या बरोबर वर मात्र शंकूसारखे टोक राहते. तेही घालवायचे तर कोसाइन वक्र घ्यावा. पाचही थर सारखे उतरले तर मांडवाची जाडी कायम राहते; खालचे जास्त उतरवले तर तो बाकावर जाड होतो.

बिंदू खाली न उतरवता अ‍ॅट्रॅक्टरच्याच दिशेने ओढायचे असतील तर जपावे लागते. वर्गाच्या याच नियमाने एक मीटरवरचा बिंदू ११५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे अ‍ॅट्रॅक्टर ओलांडून पलीकडे निघतो आणि जाळी स्वतःतच गुंतते. सरकणे अंतराच्या निम्म्यापलीकडे जाऊ दिले नाही की हा गुंता होत नाही. बाक दोन असतील आणि प्रत्येक बिंदूने फक्त जवळच्या बाकाचे ऐकले, तर दोघांच्या मधोमध धार येते. दोन्हींची ओढ बेरजेने घेतली तर धार जाते, पण मधला भाग हवा त्याहून खाली येतो.

खरी कसोटी पत्रा कापताना लागते. सरकलेल्या चौकोनाचे चार कोपरे सहसा एका पातळीत राहत नाहीत, म्हणून तो कर्णावर कापून दोन त्रिकोण करतात. भिलाईचा पोलाद कारखाना आणि सिलतरा-उरलाच्या रोलिंग मिल जवळ असल्याने रायपूरला माल लांबून आणावा लागत नाही; मेहनत आणि पैसा जातो तो निरनिराळ्या मापांच्या तुकड्यांवर. वरच्या थरातल्या ४०० चौकोनांपैकी १७६ ओढीबाहेर असल्याने सपाट राहतात. उरलेले २२४ सममितीमुळे केवळ ३१ तऱ्हांचे निघतात, कारण आरशातल्या प्रतिमेसारखा तुकडा पत्रा पालथा घालून तोच वापरता येतो. तोच बाक ३० सेंटिमीटर उजवीकडे आणि १० सेंटिमीटर पुढे नेला तर सममिती मोडते आणि वाकलेला जवळजवळ प्रत्येक चौकोन स्वतंत्र मापाचा होतो. मग कापलेल्या प्रत्येक त्रिकोणावर त्याच्या जाळीतल्या जागेचा क्रमांक घालूनच तो मांडवापर्यंत न्यावा लागतो.